जोआना कुणाची पिचर?

दुबईच्या पुढे, रास अल खैमात मी बावीस वर्षं बेसबॉल शिकवला, असं जळगावात कुणाला सांगितलं की लोक आधी मला दुरुस्त करतात. "म्हणजे क्रिकेट ना, ताई?" मी नाही म्हणते. मग "तिकडे वाळूत कसला आलाय खेळ?" असं काहीतरी होतं, चहा येतो आणि विषय बदलतो. माझ्या सख्ख्या नणंदेला तर अजून वाटतं की मी शाळेत कवायत घ्यायचे. ते खोटंही नाही. कागदोपत्री मी भारतीय शाळेची पी.टी. टीचर, भोळे मॅम, एवढीच होते. सकाळच्या रांगा, क्रीडादिन, गुडघे फुटलेल्या पोरांना बर्फ लावणं, सगळं केलं. बेसबॉल शाळा सुटल्यावर, अडीचनंतर, आणि तो कुणी सांगितला म्हणून नव्हे, मला राहवेना म्हणून.

मी मुळात सॉफ्टबॉलवाली. आमच्या जळगाव जिल्ह्यात मुली सॉफ्टबॉल खेळतात आणि चांगल्या खेळतात, हे महाराष्ट्रातच पुष्कळांना माहीत नसतं. मी कॅचर होते, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसून पिचरचा चेंडू पकडणारी. लग्नानंतर ह्यांच्या नोकरीमागे इकडे आले. हे सिरॅमिकच्या कारखान्यात भट्टीवर सुपरवायझर. इथे आल्यावर पाहिलं तर सॉफ्टबॉल कुणी खेळत नव्हतं, पण दुबईत मुलांच्या बेसबॉलचे पाच-सहा क्लब होते आणि दर हिवाळ्यात त्यांचा एक करंडक असायचा. दोन्ही खेळ चुलत भाऊ. मी म्हटलं, चला.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. पिचर चेंडू टप्पा न पाडता टाकतो आणि बॅटवाल्याने तो मारायचा असतो. चेंडू त्याच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या चौकटीतून गेला आणि त्याने मारला नाही, किंवा बॅट फिरवून हुकला, की एक स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की तो बाद. चेंडू बॅटला लागला तर मैदानाचे चार कोपरे एकेक करून गाठायचे. शेवटचा कोपरा गाठला की एक धाव. तीन जण बाद झाले की समोरच्यांची पाळी, आणि मुलांच्या सामन्यात प्रत्येकाच्या अशा सहा पाळ्या. सांगायचा मुद्दा हा, की सगळा खेळ पिचरच्या हातात. एक चांगला पिचर सापडला तर बाकीचे आठ जण माझ्या पोरांसारखे असले तरी निभतं.

माझी पोरं म्हणजे सिमेंट कारखाना, सिरॅमिक कारखाना आणि बाजारातल्या दुकानदारांची. मल्याळी, पंजाबी, गुजराती, चार मराठी. मैदान शाळेच्या मागचं, वाळूचं, त्यावर चुन्याने आखलेलं. वारा आला की रेषा उडून जायच्या आणि पोरं वाद घालत बसायची की कोपरा होता कुठे. ग्लोव्ह एकूण सहा. फिल्डिंगवाला संघ आत आला की ग्लोव्ह जमिनीवर ठेवायचे आणि समोरच्यांनी तेच उचलायचे.

जोआना रुमाव मला एका अडकलेल्या शटलकॉकमुळे सापडली. मैदानाच्या कडेला घाफचं झाड आहे, त्याच्या अगदी वरच्या फांदीत मोठ्या मुलांचं शटल अडकलं होतं. दहा मिनिटं ती मुलं चपला फेकत होती. चौथीतली एक काटकुळी मुलगी आली, सगळ्यांना म्हणाली, "मूव्ह, प्लीज," आणि एक खडा उचलून फेकला. शटल खाली. ती मागे वळूनही न बघता पाण्याच्या नळाकडे गेली. मी तिच्यामागे गेले आणि विचारलं, "परत मारशील?" तिने विचारलं, "कशाला? पडलं ना ते."

ही मंडळी वसईची. वडील सायमन आमच्या ह्यांच्याच कारखान्यात माल पाठवणीच्या विभागात क्लार्क, आई लीना एका दवाखान्यात रिसेप्शनवर. सायमन मितभाषी माणूस. मुलीला खेळायला पाठवाल का विचारलं तर म्हणाला, "टीचर, अभ्यास सांभाळून करू दे. मला त्यातलं काय कळत नाही."

तीन वर्षं मी जोआनावर मेहनत घेतली. इथे एक कबुली द्यायला हवी. सॉफ्टबॉलमध्ये पिचर खांद्याखालून टाकतो, बेसबॉलमध्ये खांद्यावरून. खांद्यावरून कसं टाकायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी व्हिडिओ बघून, स्वतः भिंतीवर चेंडू मारून शिकले आणि तेच तिला शिकवलं. ती वेगात टाकायची, आणि अधूनमधून अगदी त्याच हालचालीत एक हळू चेंडू. वेगाची वाट बघणारा बॅटवाला आधीच बॅट फिरवून बसायचा आणि चेंडू मागून आरामात यायचा. तिसऱ्या वर्षी आम्ही सहा ग्लोव्ह घेऊन दुबईला उपांत्य फेरीत पोचलो. कारखान्याची बस मागून घेतली होती. परत येताना उम्म अल कुवैनला पेट्रोल पंपावर पोरांना आइस्क्रीम दिलं, आणि शिहाब नावाचा माझा कॅचर टपावर चढायला निघाला तेव्हा पठाण ड्रायव्हर ओरडला, "यल्ला, नीचे! अभी कप जीता नहीं है!"

त्या उपांत्य फेरीतच, जी आम्ही हरलो, वाळिंबे साहेबांनी जोआनाला पाहिलं.

सतीश वाळिंबे हे नाव इथल्या मराठी घरांतून फ्रीजरमार्गे पोचलेलं आहे. दुबईच्या जबल अलीत त्यांचा गोठवलेल्या पदार्थांचा कारखाना: पराठे, पुरणपोळ्या, उकडीचे मोदक. त्यांची ठोक गिऱ्हाइकं जपानी आणि कोरियन, आणि त्यांना बेसबॉल प्रिय, म्हणून साहेबांनी एक मुलांचा क्लब काढला. चेंडू फेकणारं यंत्र, सावलीतलं हिरवं मैदान, आणि कोच रॉमी नावाचे साठीचे फिलिपिनो कोच, जे आयुष्यभर हेच करत आले होते. दोन वर्षांत त्यांच्या संघात शारजाचा सगळ्यात वेगवान धावणारा, अबू धाबीचा सगळ्यात लांब मारणारा आणि अजमानचे दोघं जुळे भाऊ आले होते. सगळं नियमात. मूल इथे राहणारं हवं आणि मुदतीच्या आत नाव नोंदलेलं हवं, एवढाच नियम. तेरा वर्षांच्या पोराला कुणी पगार देत नाही. त्याच्या शाळेची फी भरली जाते, बापाला नोकरी मिळते, घर जवळ मिळतं. आमच्या पोरांनी त्या क्लबाला "सुपरमार्केट" असं नाव ठेवलं होतं. मला ते आवडायचं आणि मी हसायचे.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सायमन आणि लीना जोआनाला घेऊन आमच्या घरी आले. सोबत केकचा डबा. सायमन बराच वेळ ह्यांच्याशी भट्टीबद्दल बोलत बसला. शेवटी लीनाच म्हणाली, "टीचर, वाळिंबे साहेबांचा फोन आला होता."

जबल अलीच्या गोदामात सायमनला सुपरवायझरची जागा. पगार जवळजवळ अडीच हजार दिरहॅमनी जास्त. "म्हणजे साठ हजाराच्या आसपास, टीचर, महिन्याला," लीना म्हणाली आणि लगेच केकचा डबा उघडायला लागली, जणू आकडा बोलायला नको होता. वर जोआनाची शाळेची फी, बारावीपर्यंत.

"मग अडलंय कुठे?" ह्यांनी विचारलं.

सायमन माझ्याकडे बघून म्हणाला, "टीचरला विचारल्याशिवाय कसं जायचं? त्यांनी घडवलं पोरीला. टीचर, तुम्ही नको म्हटलंत तर आम्ही जाणार नाही."

मला आजही ठरवता येत नाही, की त्याने तो निर्णय माझ्यावर टाकला हा माझा मान होता की माझ्यावर ओझं. मी स्वयंपाकघरात गेले, चहा ठेवला आणि तिथे उभी राहिले. आणि मला खडके सर आठवले.

खडके सरांनी आम्हा मुलींना जळगावला नगरपालिकेच्या शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉल शिकवला होता. ग्लोव्ह कमी पडायचे म्हणून त्यांच्या बायकोने गोधडीच्या कापडाचे शिवले होते. मी एकोणीस वर्षांची असताना मुंबईच्या एका कंपनीने मला त्यांच्या महिला संघासाठी नोकरी दिली. मी आठ दिवसांत गेले. पुढच्या वर्षी सरांचा संघ पहिल्याच फेरीत हरला, कारण त्यांच्याकडे कॅचर नव्हती. मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. दिवाळीत घरी आले तेव्हा सर भेटले आणि एवढंच म्हणाले, "बघू, तिकडे ग्लोव्ह कसला देतात." माझा नवा कातडी ग्लोव्ह त्यांनी हातात घातला, मूठ दोनदा उघडून बंद केली, काढला आणि परत दिला. "मऊ आहे," म्हणाले.

मी चहा घेऊन बाहेर आले आणि सायमनला म्हटलं, "जा."

जोआना दारात उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं. तिने विचारलं, "मॅम, आर यू अँग्री?" मी नाही म्हटलं. ते खरं होतं की खोटं, मला सांगता येणार नाही. राग तर आला होता, फक्त तो कुणाचा ते कळत नव्हतं.

तो मी वाळिंब्यांवर काढायचं ठरवलं. पुढच्या आठवड्यात शाळेतून अर्धी रजा घेऊन जबल अलीला गेले. तिथलं ऑफिस कारखान्याच्या वर, काचेतून खाली मोदक पट्ट्यावरून जाताना दिसत होते. साहेब साठीचे, बारीक, खादीचा शर्ट. मी बसायच्या आधीच म्हणाले, "भोळे बाई, तुम्ही भांडायला आलात. बसून भांडा."

"साहेब, तुम्ही संघ तयार करत नाही, विकत घेता," मी म्हटलं.

"बरं. मग?"

"मग म्हणजे? आम्ही तीन-तीन वर्षं वाळूत घालवायची आणि तुम्ही तयार पोर उचलायचं?"

त्यांना राग आला नाही, हेच मला नको होतं. ते म्हणाले, "मी सांगलीचा. शाळेत खो-खो खेळायचो. राज्याच्या संघात निवड झाली होती. सामने नागपूरला. वडलांकडे गाडीभाड्याला पैसे नव्हते, सरांकडेही नव्हते. सरांनी मला तीन वर्षं घडवलं होतं, अगदी तुमच्यासारखं. पण घडवून काय झालं? मी घरीच बसलो. त्या दिवशी कुणी मला विकत घेतलं असतं ना बाई, तर मी पाया पडलो असतो त्याच्या."

मी म्हटलं, "पण करंडक तुमचा होणार."

"होऊ दे की. तुम्हीही या. रॉमीच्या हाताखाली काम करा. मी घर देईन, गाडी देईन."

आणि मी, जी भांडायला गेले होते, मी चक्क दोन मिनिटं विचार करत बसले. हिरवं मैदान डोळ्यांपुढे आलं. शेवटी नाही म्हटलं. त्यात तत्त्व-बित्त्व काही नव्हतं. ह्यांची नोकरी रास अल खैमात होती आणि मला रोज दीड तास गाडी चालवण्याची भीती वाटते. खाली उतरले तेव्हा त्यांनी गाडीत मोदकांचे चार डबे ठेवायला लावले. मी ते घेतले. पोरांना वाटले. छान होते.

त्या हिवाळ्यात आम्ही अंतिम फेरीत पोचलो. जोआनाशिवाय. हे माझ्या अपेक्षेतच नव्हतं. ती गेल्यावर पोरं चिडून खेळायला लागली होती, आणि शिहाब, जो आधी फक्त पकडायचा, तो मारायलाही लागला होता. म्हणजे तिचं जाणं आमच्या फायद्याचं झालं की काय, हा आणखी एक गोंधळ. समोर अर्थातच सुपरमार्केट, आणि त्यांची पिचर जोआना.

मला एक गोष्ट माहीत होती जी जगात फार थोड्यांना माहीत होती. हळू चेंडू टाकायच्या आधी जोआना टोपीच्या टोकाला हात लावायची. तिचं तिलाही कळायचं नाही. मी अनेकदा सांगून पाहिलं होतं, सवय जात नव्हती. टोपीला हात म्हणजे हळू चेंडू, हे बॅटवाल्याला आधी कळलं तर तिचं अर्धं हत्यार गेलं. सामन्याआधी रात्रभर मी ठरवत होते की हे माझ्या पोरांना सांगायचं का. ती माझी होती, ही पोरंही माझीच. सकाळी बसमध्ये ठरवलं, नाही सांगायचं.

पाच पाळ्या तिने हळू चेंडू टाकले, पण हात टोपीकडे गेलाच नाही. मला आधी हायसं वाटलं आणि मग थोडं वाईटही वाटलं. कुणीतरी तिची सवय मोडली होती. मला तीन वर्षांत जमलं नाही ते. शेवटच्या पाळीत आम्ही एका धावेने मागे, तिसऱ्या कोपऱ्यावर आमचा एक मुलगा उभा, दोन बाद आणि बॅटवर शिहाब. एक फटका आणि बरोबरी. जोआना दमली होती. तिने घाम पुसला, आणि सामन्यात पहिल्यांदा तिचा हात टोपीच्या टोकाला गेला. हळू चेंडू आला, शिहाबने आधीच बॅट फिरवली. एक स्ट्राइक.

दमल्यावर जुनी सवय परत येते, मी हजारदा पाहिलंय. मी पंचांकडे वेळ मागितला आणि शिहाबला जवळ बोलावलं.

"तिची टोपी बघ," मी म्हटलं. "हात गेला की हळू. थांब आणि मार."

शिहाबने माझ्याकडे बघितलं. "मॅम, आय नो. वी ऑल नो. शी ऑल्वेज डिड दॅट."

"मग मारत का नाहीस?"

"बसमध्ये आम्ही ठरवलं होतं. इट्स जोआना, मॅम. चीटिंग होईल ना."

तेरा वर्षांची पोरं. सकाळी त्याच बसमध्ये, माझ्या मागच्या बाकांवर त्यांनी ठरवलं होतं, आणि पुढच्या बाकावर मीही तेच ठरवलं होतं. तरी मी म्हणाले, आणि हे वाक्य मला अजून ऐकू येतं, "यात चीटिंग काही नाही. यालाच खेळ म्हणतात. जा, मार."

तो गेला. जोआनाचा हात पुन्हा टोपीला गेला. शिहाब थांबला, हळू चेंडूची वाट बघत, आणि तिने आख्ख्या सामन्यातला सगळ्यात वेगवान चेंडू टाकला. तो त्याच्या छातीसमोरून गेला तेव्हा बॅट खांद्यावरच होती. दोन स्ट्राइक. आता शिहाब माझ्याकडे बघतोय, टोपीवर विश्वास ठेवू की नको? मलाच माहीत नाही. मी हाताने काहीतरी खूण केली, तिचा अर्थ काय होता देव जाणे. तिसऱ्या वेळी तिने टोपीला हात लावला नाही. चेंडू हळू आला. शिहाबने घाईत बॅट फिरवली आणि स्वतःभोवती गोल फिरून वाळूत बसला. खलास.

करंडक वाळिंबे साहेबांनी घेतला, फोटो झाले. मी ग्लोव्ह गोळा करत होते तेव्हा जोआना पळत आली. मिठी मारेल असं वाटलं. ती दोन हातांवर थांबली.

"मॅम, तुम्ही सांगितलं ना त्याला? टाइम घेतला तेव्हा?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती म्हणाली, "कोच रॉमी सेड यू वुड. टोपीची ट्रिक लास्ट इनिंगपर्यंत ठेवून दे म्हणाले. मी म्हटलं, नो कोच, शी वोन्ट." तिचे डोळे भरले होते, जिंकलेल्या मुलीचे. मग तिला कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि ती गेली.

कोच रॉमी नंतर स्वतः येऊन भेटले. भला माणूस. म्हणाले, "मॅडम, द आर्म इज युअर्स. आय ओन्ली फिक्स द हॅट." मी कसनुसं हसले. जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं, अगदी सहज. चेंडू टाकताना जोआनाचं कोपर खाली पडायचं, ते त्यांनी महिन्याभरात वर आणलं. "दोन वर्षं अशीच टाकत राहिली असती तर हात गेला असता तिचा."

मला ते कोपर कधी दिसलंच नव्हतं. मी तिच्या टोपीकडे बघत राहिले आणि कोपराने तिचा हात जाणार होता. सामना हरल्याचं मी आठवड्यात विसरले. चुकीचं बोलल्याचंही, खरं सांगायचं तर, मी स्वतःला हळूहळू माफ केलं. हे कोपर मात्र सोडत नाही. म्हणजे ज्यांना मी विकत घेणारे म्हणत होते त्यांनी तिला घडवलं, आणि घडवणारी मी तिला मोडत होते? की मी नसते तर त्यांना विकत घ्यायला काही उरलंच नसतं? दोन्ही खरं वाटतं. दोन्ही एका वेळी खरं कसं असेल, हे ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "भट्टीत टाइल भाजताना माती कुणाची आणि विस्तव कुणाचा असं कोण विचारतं?" आणि पेपर वाचायला लागले. त्याने माझं समाधान झालं नाही.

दोन वर्षांनी वाळिंब्यांनी मुलांचा क्लब बंद केला. त्यांच्या गिऱ्हाइकांना आता दुसरा कुठलासा रॅकेटचा खेळ आवडायला लागला होता. यंत्र विकलं, कोच रॉमी मनिलाला परत गेले. मी मनात म्हटलं, बघा, शेवटी हेच! पण साहेबांनी एकाही मुलाची फी थांबवली नाही. सायमनची नोकरी टिकली, अजून टिकून आहे. अजमानचे जुळे भाऊ आमच्याकडे रास अल खैमात खेळायला यायला लागले, दर शनिवारी, बापाच्या टॅक्सीतून. त्यांना मी घेतलं. तेव्हा आमच्या पोरांनी मला विचारलं, "मॅम, नाऊ आर वी द सुपरमार्केट?" मी त्यांना मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या.

जोआना शारजाच्या एका क्लबात खेळत राहिली. माझ्याशी तिचं बोलणं दिवाळी-नाताळच्या मेसेजपुरतं उरलं होतं. यंदा जूनमध्ये मी निवृत्त झाले, आणि ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. अमेरिकेतल्या एका कॉलेजात ती खेळाडू म्हणून अर्ज करत होती. आवाज मोठ्या बाईचा झाला होता.

"मॅम, फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे. हू टॉट यू द गेम. एकच ओळ दिलीय, एकच नाव."

मी चटकन म्हणाले, "कोच रॉमींचं टाक. त्यांचं नाव तिकडे वजनदार." हे बोलताना मला मी फार मोठ्या मनाची वाटले. आणि त्याच क्षणी माझं नाव टाकेल का, असंही वाटून गेलं. दोन्ही.

"मॅम, मी फॉर्म कालच पाठवला," ती म्हणाली. "विचारायला नाही, सांगायला फोन केला. नंतर कुणाकडून तरी कळलं असतं तुम्हाला. मी पापांचं नाव लिहिलं."

"सायमनचं? त्याला तर..."

"ही डझन्ट नो एनिथिंग, आय नो. पण रोज सकाळी साडेपाचला, बसच्या आधी, ते पार्किंगमध्ये उकिडवे बसायचे, माझे चेंडू धरायला. चौथीपासून. आधी ममाचा ओव्हनचा ग्लोव्ह घालून. दुबईला गेलो तरी रोज. तुम्ही आणि कोच रॉमी आठवड्यातून तीन दिवस होतात, मॅम. त्यांचं हे बोट बघितलंय ना तुम्ही, वाकडं? ते माझ्या चेंडूने मोडलं."

मी ते बोट कधी बघितलं नव्हतं. मी कॅचर होते आयुष्यभर, माझी स्वतःची दोन बोटं तशीच आहेत.

तिला मी छान केलंस म्हटलं आणि फोन ठेवला. आनंद झाला की वाईट वाटलं, विचाराल तर सांगता येणार नाही. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी मी सायमनला फोन लावला. मुलीचं अभिनंदन केलं, आणि म्हटलं, "तुम्ही कधी सांगितलं नाहीत हो!"

"काय सांगायचं, टीचर?" तो म्हणाला. "मला तो खेळ अजून कळत नाही. ती टाकायची, मी धरायचो." मग म्हणाला, "टीचर, बरेच दिवस एक विचारायचं होतं. लाज वाटायची. स्ट्राइक झाला की टाळ्या वाजवायच्या असतात का?"

"आपलं माणूस टाकत असेल तर वाजवायच्या. आपलं माणूस मारत असेल तर नाही."



"मग माझं चुकलं," सायमन म्हणाला. "त्या फायनलला मी दोन्ही वेळेला वाजवत होतो. तुमची पोरं मारायची तेव्हाही, आणि जोआना टाकायची तेव्हाही. बाजूचे लोक बघत होते माझ्याकडे."